विदर्भात समुद्र नाही, पण कड्याकाठाने चालत युद्धाच्या खुणा पाहता येतील अशी एखादी वाट आहे का?

तुम्ही लिहिलंय की फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर तुम्ही कड्याच्या काठाने दिवसभर चाललात. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधलेले काँक्रीटचे बंकर, आणि थोडं पुढे गेलं की हजारो वर्षांपूर्वी माणसांनी उभे केलेले दगड. आता नोकरीनिमित्त अमरावतीला आलात, इथे समुद्र नाही हे ठाऊक आहे, पण असं चालणं इकडे कुठे मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

मिळेल. चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे, तिथे जा.

मी परतवाड्याजवळच्या एका खेड्यात राहतो, संत्र्याची बाग आहे. सकाळी ओलिताला गेलो की उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत दिसते. तिच्या माथ्यावर हा गड आहे. वर्षातून दोन-तीनदा तरी मी वर जातो, आणि बहुतेक वेळा चिखलदरा पाहायला आलेले लोक गडाच्या दारापाशी फोटो काढून परत फिरताना दिसतात. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी समुद्राचं. विदर्भाला समुद्र होता. नागपूरकर भोसल्यांचा अंमल एके काळी बंगालच्या उपसागरापर्यंत होता. १७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह झाला आणि त्यानंतर कटक, बालेश्वर, जगन्नाथपुरी हा सगळा किनारा पन्नासेक वर्षं भोसल्यांकडे राहिला. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी ऑक्टोबरातच कटक घेतलं होतं, तरी रघूजी भोसल्यांनी हात टेकले नव्हते. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक-बालेश्वर कायमचं इंग्रजांना गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला. म्हणजे आमचा समुद्र गेला त्याचा शेवटचा निकाल याच कड्यावर लागला. तुम्ही तिथे उभे राहाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या.

आता कडा. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून घाट चढून तुम्ही मोथ्याला याल, पुढे चिखलदरा. गावाची उंची सुमारे ३,६०० फूट, गडही जवळपास तेवढाच. दक्षिणेला मात्र डोंगर एकदम तुटतो आणि दोन हजार फुटांपेक्षा खाली पूर्णेचं मैदान सुरू होतं. हा काठ पाण्या-पावसाने झिजून झालेला नुसता उतार नाही, इथे जमिनीतच मोठा भ्रंश आहे, म्हणजे खडकाला तडा जाऊन त्याची एक बाजू खाली सरकलेली. भूशास्त्रात त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात. वरचा दगड काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खाली पूर्णेने आणून टाकलेला खोलच खोल गाळ, आणि त्या गाळातलं पाणी खारं. माझा मामा दर्यापूर तालुक्यातला. नावात दर्या आहे, आणि विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. लहानपणी मामाकडे गेलो की पहिले दोन दिवस तोंडाची चव जायची. खारपाणपट्टा तो हाच, गडाच्या काठावरून पूर्ण दिसतो. हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत खाली धुकं साचलेलं असतं. पांढरं, सपाट, कड्याला येऊन टेकलेलं. ब्रिटनीचा समुद्र मी पाहिला नाही, पण तुम्हाला तो तिथे आठवेल असं वाटतं.

गड पाहताना एक गोष्ट समजून घेतली तर बाकी सगळं आपोआप उलगडतं. दक्षिणेचा कडा एवढा सरळ आहे की तिकडून कोणी चढून येईल ही भीतीच नव्हती. आतला किल्ला त्या बाजूला आहे. दुबळी बाजू उत्तरेची. तिथे लबाडा गावाकडची जमीन गडाच्याच पातळीवर येते, ना दरी ना चढ. म्हणून त्या बाजूला तटावर तट घातलेत. जनरल आर्थर वेलस्लीने (पुढे हाच वेलिंग्टनचा ड्यूक झाला) हे बरोबर हेरलं. अडगावची लढाई त्याने २९ नोव्हेंबरला जिंकली होती, ते अडगाव आता अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडे येतं. तिथून निसटलेलं भोसल्यांचं पायदळ गाविलगडावर येऊन बसलं होतं. किल्लेदार होता बेनीसिंग नावाचा रजपूत.

७ डिसेंबरला दोन्ही फौजा एलिचपूरहून, म्हणजे आपल्या अचलपूरहून, निघाल्या. वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याला येऊन बसला आणि कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगराला वळसा घालून उत्तरेला गेली. सुमारे तीस मैलांची वाट. वाट म्हणजे काय, रस्ता नव्हताच. सैन्याने तो आधी तोडून काढला आणि मग जड तोफा माणसांनी हाताने ओढत दऱ्याखोऱ्यांतून नेल्या. पाच दिवस लागले. १२ तारखेला लबाड्याजवळ मोर्चे खणायला लागले, पुढच्या दोन-तीन दिवसांत तटाला खिंडार पडलं, आणि १५ ला सकाळी हल्ला झाला.

बाहेरचा तट पडला, पण आतल्या किल्ल्याला खिंडार नव्हतं. मधली घळ ओलांडून दरवाजापर्यंत जायचं तर वरून मारा. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल हा स्कॉच पलटणीची एक तुकडी घेऊन पलीकडे गेला, शिड्या लावून भिंतीवर चढला आणि आतून दरवाजा उघडला. त्यानंतर आत जे झालं ती कत्तल होती. बेनीसिंगाचा देह दाराजवळच्या मढ्यांत सापडला. मी त्या घळीच्या काठावर अनेकदा बसलोय. आता तिथे साग आणि बांबू माजलाय, पोपटांचा कलकलाट असतो. पलीकडची भिंत पाहिली की एवढंच मनात येतं, ही शिडी लावण्याजोगी जागा आतल्या कोणाला दिसली कशी नाही?

म्हणून माझं सांगणं असं की गड उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहा, म्हणजे ज्या दिशेने तो पडला त्याच दिशेने. आधी बाहेरचे तट, मग घळ, मग आतला किल्ला, आणि सगळ्यात शेवटी दक्षिणेचा कडा. कडा आधी पाहिला तर हा गड कोणी घेतला असेल यावर विश्वासच बसत नाही.

एक सावधगिरी. जे जे पडलेलं दिसेल ते सगळं १८०३ च्या तोफांचं समजू नका. देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांना परत मिळाले होते. पुढे १८५८ साली इंग्रजांनी हा गड मुद्दाम मोडला, बंडवाल्यांच्या हाती जाऊ नये म्हणून. त्याच वर्षी तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्यात आले होते. आणि त्यानंतर दीडशे वर्षं वड-पिंपळाच्या मुळांनी काम केलंय. ढासळलेल्या भिंतीजवळ गेलात तर पाहा, दगड बाहेर फेकला गेलाय की जागच्या जागी बसलाय. फांदीएवढं मूळ चिऱ्यांच्या सांधीत शिरून चिरा कसा उचलतं ते तिथे हातभर अंतरावरून दिसतं.

युद्धापेक्षा जुनं काय, हेही तुम्हाला पाहायचंय. गडाचं नाव गवळ्यांवरून पडलं असं इकडे सगळेच मानतात. त्यांची आधी मातीची गढी होती म्हणे. मोथ्यात आजही गवळी आहेत, त्यांचा खवा खाल्ल्याशिवाय वर जाऊ नका. दगडी किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वलीचा, १४२५ च्या सुमाराचा. फतहउल्ला इमादउल्मुल्काने १४८८ च्या आसपास तो नीट बांधून काढला आणि पुढे वऱ्हाडची इमादशाही सुरू केली. या फतहउल्लाचा जन्म विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला, लहानपणी युद्धात पकडून आणलेला. आता गडाच्या दिल्ली दरवाजाखाली उभे राहा आणि मान वर करा. दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेले. गंडभेरुंड. तो दक्षिणेकडचा, कर्नाटकाकडचा. शेजारी सिंह आहेत, म्हणून लोक याला शार्दूल दरवाजाही म्हणतात. हत्ती एवढे लहान की पक्ष्यापुढे उंदरासारखे दिसतात, पण सोंडा मात्र नीट कोरलेल्या. एका मुलाला वऱ्हाडात आणलं, धर्म बदलला, नाव बदललं, तो सुलतान झाला, आणि त्याच्या दारावर लहानपणीच्या देशाचा पक्षी राहिला. हा अर्थ अभ्यासकांनी लावलाय आणि मला तो पटतो. ऊन तिरपं असताना, सकाळी दहाच्या आत, तो पक्षी सगळ्यात चांगला दिसतो.

पुढे बहराम बुरूज आहे, १५७७ चा. त्या वेळी वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला होता. मोठी मशीद आहे, तिच्या दगडी जाळीकाम केलेल्या छत्रीजवळ बसून डबा खायला छान सावली मिळते. तलाव आहेत, गंजलेल्या तोफा आहेत. आईन-ए-अकबरीत या गडावरच्या एका झऱ्याचा उल्लेख येतो, पोलादी हत्यारांना पाणी देण्यासाठी तो वापरत. अजून मागे जायचं तर कथा सुरू होतात. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं तो कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं, असं इथली लहान पोरंही सांगतील.

ब्रिटनीच्या उभ्या दगडांच्या तोडीचं, माणसाने खरंच फार पूर्वी केलेलं असं काही मात्र गडावर नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा. मोर्शीच्या वरच्या अंगाला, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळजवळ, याच सातपुड्यात चित्रं रंगवलेल्या गुहा आहेत. अमरावतीच्याच निसर्गप्रेमींच्या एका गटाला त्या २००७ साली सापडल्या. आणि नागपूरला कधी गेलात तर जुनापाणीची शिळावर्तुळं पाहा, लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत ती.

आता जपून चालण्याचं. मी कॉलेजात असताना ऑगस्टमध्ये दोन मित्रांसोबत गडावर गेलो होतो. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. तटाचा एक पडका भाग ओलांडून मी पुढे निघालो, पायाखाली गवत होतं, म्हणजे जमीन आहे असंच वाटलं. मागून म्हशी चारणारे एक म्हातारे बाबा ओरडले, "थांब रे पोट्ट्या! गवत पायतं का जमीन पायतं?" मी थांबलो. त्यांनी काठीने पुढचं गवत बाजूला केलं. गवत कड्याच्या काठाला धरून बाहेर वाढलेलं होतं, त्याखाली काही नव्हतं. धुकं तेवढ्यात जरासं फाटलं आणि फार खाली एक शेत दिसलं, पाटीएवढं. बाबा मग आम्हाला दारापर्यंत सोडायला आले, वाटभर बोलले नाहीत.

तेव्हापासून मी पावसाळ्यात दक्षिणेच्या काठाला जात नाही आणि कोणाला जाऊ देत नाही. ऑक्टोबरातही गवत छातीएवढं असतं, त्यात टाकी आणि पडके तळघर लपलेले असतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. गवत वाळून बसलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं, आणि लढाईही डिसेंबरातलीच, त्यामुळे त्या माणसांना कसलं ऊन आणि कसली थंडी होती तेही कळतं. बूट घाला. काठी घ्या. दोन लिटर पाणी माणशी. एकट्याने जाऊ नका, हे मेळघाटचं जंगल आहे, अस्वल गडाच्या आतही येतं. कमानींना आणि कड्याला आग्या मोहोळ असतं, तिथे सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा करू नका. गावातला कोरकू किंवा गवळी वाटाड्या सोबत घ्या आणि त्याला योग्य पैसे द्या. ज्या वाटा तो दाखवेल त्या कोणत्याही नकाशात नाहीत. दगडावर नाव कोरणारा कोणी दिसला तर कृपा करून टोका.

सकाळी आठला दारात असाल तर सावकाश पाहत दुपारी दोनपर्यंत दक्षिणेच्या तटावर पोहोचाल. तिथे तासभर बसा. खाली परतवाडा, अचलपूर, पुढे नुसतं मैदान. बरोबर खाली गडद हिरवे चौकोन दिसतील, त्या संत्र्याच्या बागा. त्यातलाच एक माझा. उतरताना फाट्यावर विचारलंत तर कोणीही घर दाखवेल, डिसेंबरात आंबिया बहार संपत आलेला असतो, पण चार फळं झाडावर ठेवलेली असतात.