चिनी अक्षरांतली रक्कम

प्रश्न : लोहार चाळीतील आमच्या दुकानाला विजेचे सामान पुरवणाऱ्या चिनी कंपनीकडून एक्सेलमध्ये बिल येते. एकूण रक्कम चिनी अक्षरांत दिसते, पण त्या सेलवर क्लिक केले की वरच्या पट्टीत १२५००० असा साधा आकडा येतो. ही अक्षरे हाताने लिहिलेली असतात का? पुढची बेरीज त्यांवर करावी का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : पट्टीत साधा आकडा दिसत असेल, तर सेलमध्ये आकडाच आहे आणि बेरीज निर्धास्तपणे करावी. अक्षरे दिसतात ती केवळ सेलच्या फॉरमॅटमुळे. या फॉरमॅटच्या संकेतात, म्हणजे आकडा कसा दाखवायचा हे एक्सेलला सांगणाऱ्या ओळीत, ‘डीबीनम’ या शब्दापुढे १ असेल तर रोजच्या व्यवहारातली चिनी अक्षरे उमटतात आणि २ असेल तर बँकेच्या कागदपत्रांतली किचकट अक्षरे. ही दुसरी तऱ्हा हौसेपोटी आलेली नाही. रोजच्या चिनी लिपीत एक, दोन आणि तीन म्हणजे अनुक्रमे तितक्याच आडव्या रेघा, आणि एकाच्या रेघेवर उभी रेघ ओढली की दहा होतात. तेव्हा धनादेशावरची रक्कम वाढवणे कुणालाही जमले असते.

संकेतात पुढे ‘जनरल’ असल्यास स्थानांसह रक्कम लिहिली जाते, नुसते शून्य असल्यास एकेक अंक सुटा येतो. स्थानांची मांडणी मात्र आपल्यासारखी नाही. चिनी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते. या गठ्ठ्याला ‘वान’ म्हणतात, आणि लाखासाठी वेगळे नाव नसल्याने तुमचे सव्वा लाख तेथे बारा वान पाच हजार होतात. लाखाच्या सवयीने कोणी बारा वान म्हणजे बारा लाख समजला, तर हिशेब दहा पटींनी चुकेल.

पैशांपर्यंतची रक्कम असली की हे फॉरमॅट अपुरे पडते, कारण दशांशचिन्हापुढचे अंक ते नुसते ओळीने मांडते. युआनचे दहावे आणि शंभरावे भाग, म्हणजे च्याओ आणि फन, नावानिशी हवे असतील तर चीनमधले हिशेबनीसही लांबलचक सूत्र रचतात.

सावध राहायचे ते अशाच सूत्रांपासून. त्यांत बहुधा ‘टेक्स्ट’ हे फंक्शन असते आणि त्यातून निघालेली रक्कम आकडा न राहता मजकूर बनते. असे सेल बेरजेच्या पट्ट्यात आले, तर ‘सम’ हे बेरजेचे फंक्शन कोणतीही सूचना न देता त्यांना वगळते. वरच्या पट्टीत आकड्याऐवजी सूत्र किंवा अक्षरे दिसली, तर पुरवठादाराकडून साध्या आकड्यांचा स्वतंत्र रकाना मागून घ्यावा.