अकरावीतला मुलगा दारू पितोय असं वाटतं, कसं ओळखायचं आणि काय करायचं?

ताई, मुलगा शनिवारी उशिरा येतो, तोंडाला बडीशेपेचा वास असतो आणि घरचे म्हणतात "वयच आहे त्याचं", असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडेही हेच म्हणाले होते.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आम्ही गोव्यात डिचोलीत राहतो, सासरची काजूची बागायत सत्तरीत. बोंडू पडायला लागले की मुलगा सुटीला तिकडेच असायचा. घरी आला आणि दोन दिवसांनी फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे लिम्काची अर्धी बाटली दिसली. झाकण उघडलं तर हुर्राकचा, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचा, भपकारा, तळाशी उभी चिरलेली हिरवी मिरची. नवशिक्या पोराला मिरची घालायचं सुचत नाही, कुणीतरी शिकवलेलं असतं. विचारलं तर म्हणाला, "मित्राची आहे." मलाही तेच खरं धरून चालायचं होतं.

आठवड्याभरात एका रात्री दोन मित्रांनी त्याला स्कूटरवर मध्ये बसवून आणलं. उभं राहवत नव्हतं. मी दोन थोबाडीत दिल्या, तासभर बडबडले. सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. तुम्ही हे करू नका. नशेत असताना बोलायचंच नाही. कुशीवर झोपवा, उताणं नको. एकटं सोडू नका, कॉफी पाजू नका, ओकारी काढायला लावू नका. हाका मारून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर सरळ १०८. मी त्याच्या पाठीला उशी लावून उजाडेपर्यंत बसले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाज न चढवता विचारलं, पहिल्यांदा कुणी दिली? बराच वेळ नखं खरवडत बसला. मग म्हणाला, "काकांनी. भट्टीवर." तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

माझ्या थोरल्या दिरांचं म्हणणं, घरात शिकला तर बाहेर तोल सोडणार नाही, आणि हुर्राक म्हणजे काय, सरबतच. सरबत? साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं त्यात, बियरच्या दुप्पट-तिप्पट. गोव्यात दारू प्यायचं वय २१ आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ मी त्यांना जेवताना वाचून दाखवलं: मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ताट सारून उठले. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. काजू आपला आहे, फेणी आपली आहे, २००९ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सगळं मान्य. म्हणून पोराच्या हातात पेला द्यायचा नसतो. वाढत्या मेंदूवर दारूचा घाव जास्त बसतो आणि जितक्या लवकर सुरुवात, तितकी सवय जडायची भीती जास्त. "घरी शिकलेला बिघडत नाही" असं म्हणणाऱ्याला माझा मुलगा दाखवा.

ओळखायचं म्हणाल तर वासाच्या मागे लागू नका. पैसे कुठे जातात, जुने मित्र का सुटले, खेळ का बंद झाला, "मित्राकडे झोपतो" किती वेळा होतं, ते बघा. आम्ही त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत नेलं. "पोराला वेडा ठरवलंत" हेही ऐकून घेतलं. जायला जमत नसेल तर टेलिमानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

पूर्ण सुटली असं मी म्हणणार नाही. गेल्या शिगम्याला प्यायला होता. पण स्कूटर तिथेच ठेवून रात्री साडेबाराला मला फोन केला, "आई, न्यायला ये." मी गेले, वाटेत एक शब्द बोलले नाही.

आणि हो, एकदा घोट घेतला म्हणजे व्यसन लागलं असं नाही. गप्प राहणं, चिडचिड ही परीक्षेच्या ताणानं किंवा उदासीनंही होते, तेही विचारा. मात्र रोज पीत असेल, न मिळाल्यावर हात थरथरत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.