‘अ ख्रिसमस कॅरल’ हे नाटक आणि नाटकाच्या संज्ञा सातवीतल्या मुलीला कशा समजावून सांगाव्यात?

आपण लिहिले आहे की, अमेरिकेत सातवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला ‘अ ख्रिसमस कॅरल’चे नाट्यरूप अभ्यासाला आहे. सोबत अ‍ॅक्ट, सीन, स्टेज डिरेक्शन, मोनोलॉग, कॉन्फ्लिक्ट अशा संज्ञांची यादी दिली आहे आणि व्याख्या पाठ होऊनही तिला नाटक उमगत नाही. शाळेत इंग्रजी शिकवताना मला असे वाटत आले आहे की, ही यादी नाटकाच्या आधी हातात देणे हीच मुळात उलटी पद्धत आहे. त्याऐवजी मुलीला एकच प्रश्न द्यावा: मूळ कथेत जो निवेदक सारे काही सांगत होता, तो रंगमंचावर कुठे गेला?

चार्ल्स डिकन्स यांची ही छोटेखानी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आधीच संपल्या आणि लगेच फेब्रुवारी १८४४ मध्ये लंडनच्या नाट्यगृहांत तिची अनेक रूपांतरे उभी राहिली; त्यांपैकी अडेल्फी थिएटरमधल्या एडवर्ड स्टर्लिंग यांच्या रूपांतराला लेखकाची संमती होती. कंजूष स्क्रूजला नाताळच्या रात्री भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवणारे तीन आत्मे भेटतात आणि तो बदलतो, अशी ही कथा. कादंबरीतला निवेदक मोठा बोलका आणि मिश्कील आहे. स्क्रूज किती चिकट आहे, त्याच्या कचेरीत किती गारठा आहे, त्याचा धंद्यातला भागीदार मार्ली मेला हे किती निश्चित आहे, हे सगळे तो वाचकाशी गप्पा मारत सांगतो. नाटककाराला या आवाजाची वाटणी करावी लागते, आणि आपल्या मुलीच्या यादीतल्या बहुतेक संज्ञा म्हणजे त्या वाटणीतले वाटेकरी आहेत.

अमेरिकेतील शालेय पुस्तकांत बरेचदा इस्रायल होरोविट्झ यांचे दोन अंकी रूपांतर असते. तिच्या पुस्तकात तेच आहे असे मी येथे धरतो. त्यात पडदा उघडल्यावर प्रथम दिसतो तो मार्ली, आणि तो थेट प्रेक्षकांकडे पाहून आपण मेलो असल्याचे सांगतो व स्क्रूजची ओळख करून देतो. आपल्याकडच्या सूत्रधाराचे हे काम आपण मुलीला सहज सांगू शकाल. फरक इतकाच की मार्ली कथेतले पात्रही आहे. एकाच पात्राच्या तोंडी असलेले असे सलग, लांब भाषण म्हणजे मोनोलॉग. पात्र एकटे असताना स्वतःशीच मोठ्याने बोलते तेव्हा ते स्वगत होते.

निवेदकाचा दुसरा वाटा रंगसूचनांकडे, म्हणजे स्टेज डिरेक्शनकडे जातो. संहितेत कंसात किंवा तिरप्या अक्षरांत छापलेल्या या ओळी कोणी उच्चारत नाही, म्हणून मुले त्या गाळून पुढे जातात, आणि माझ्या मते नाटक न समजण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. मार्लीच्या पहिल्या सूचनेत ‘डी. सी.’ (डाउन सेंटर) अशी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ रंगमंचाचा प्रेक्षकांच्या बाजूचा मध्यभाग. डावे-उजवे मात्र नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे असते, हे एकदा सांगून ठेवावे. अंक (अ‍ॅक्ट) आणि प्रवेश (सीन) यांवर फार वेळ घालवू नये: स्थळ किंवा काळ बदलला की बहुधा प्रवेश बदलतो, आणि अंक हा त्याहून मोठा टप्पा असतो. येथे पहिला अंक भूतकाळाच्या दर्शनाशी थांबतो.

संवादाचे काम मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. पहिल्या भागात दोन गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात, तेव्हा स्क्रूज त्यांना विचारतो की तुरुंग नाहीत काय, अनाथ-निर्धनांना कामाला जुंपणारी वर्कहाउसे बंद पडली काय. आणि तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्यांनी खुशाल मरून जादा लोकसंख्या कमी करावी, असेही सुनावतो. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने ही वर्कहाउसे इंग्लंडभर पसरली होती, त्यामुळे त्या काळच्या प्रेक्षकाला हे बोलणे अगदी ओळखीचे होते. पुढे दुसरा आत्मा त्याला त्याचा कारकून बॉब क्रॅचिट याच्या घरी नेतो. आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणाऱ्या या कारकुनाचा आजारी मुलगा टिम वाचेल का, असे स्क्रूज काकुळतीने विचारतो, आणि आत्मा त्याला त्याचेच जादा लोकसंख्येचे वाक्य ऐकवतो. कादंबरीत येथे स्क्रूजने खाली मान घातल्याचे निवेदक सांगतो. रंगमंचावर ते काम नटाच्या मानेला करावे लागते. शब्द तेच राहिले, प्रसंग बदलला आणि अर्थ उलटला. संवादातून व्यक्तिरेखा कशी घडते हे दाखवायला याहून चांगले उदाहरण या नाटकात नाही.

संघर्षाच्या (कॉन्फ्लिक्ट) रकान्यात मुले सहसा ‘स्क्रूज विरुद्ध आत्मे’ असे लिहितात. ते पुरेसे नाही, कारण आत्मे त्याच्याशी लढत नाहीत, ते केवळ दाखवतात. सुटीत शाळेत एकटा राहिलेला लहानपणीचा तो स्वतः, बहीण फॅन, जुना मालक फेझिविग याच्याकडचा नाच, दुरावलेली वाग्दत्त वधू बेल, हे सगळे स्क्रूजला दिसते, परंतु त्या माणसांना तो दिसत नाही. म्हणजे नाटकाच्या मोठ्या भागात नायक स्वतःच प्रेक्षक झालेला असतो, आणि खरा झगडा त्याच्या पूर्वीच्या व आताच्या मनात चाललेला असतो. भाचा फ्रेडचे नाताळच्या जेवणाचे आमंत्रण धुडकावणे हा बाहेरचा संघर्ष. बेलचा निरोप पुन्हा पाहवत नाही हा आतला.

तिसरा आत्मा एक शब्दही बोलत नाही. काळ्या वस्त्रातून फक्त हात पुढे येतो आणि बोट दाखवतो, त्यामुळे तिथे हालचाल, प्रकाश आणि शांतता यांनाच संवादाचे काम करावे लागते. या आत्म्याने दाखवलेला मेलेला माणूस कोण हे प्रेक्षक केव्हाच ओळखतात, स्क्रूजला मात्र थडग्यावरचे नाव वाचेपर्यंत ते मान्य करवत नाही. प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असण्याच्या या स्थितीला ड्रॅमॅटिक आयरनी म्हणतात. थडग्याचा हाच प्रसंग नाटकाचा उत्कर्षबिंदू, म्हणजे क्लायमॅक्स होय. बॉबच्या घरी टर्की पक्षी पाठवणे, त्याचा पगार वाढवणे हे त्यानंतरचे निरसन.

सरावासाठी मी असे सुचवीन: आपण दोघांनी पात्रे वाटून घेऊन एक प्रवेश मोठ्याने वाचावा, आणि नंतर त्याच प्रवेशातल्या केवळ रंगसूचना वाचाव्यात. ते जमले, की मूळ कादंबरीतला शेवटाजवळचा एक प्रसंग तिच्यासमोर ठेवावा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बॉब उशिरा येतो, आणि बदललेला स्क्रूज मुद्दाम जुन्या आवाजात त्याच्यावर खेकसतो. पुस्तकातील रूपांतर न पाहता या प्रसंगाच्या रंगसूचना तिने स्वतः लिहाव्यात: स्क्रूज कुठे उभा आहे, हसू लपवण्यासाठी तोंड कोणाकडे करतो, बॉबला काय दिसते आणि प्रेक्षकांना काय दिसते.