ओल्या मातीची चौदा नाणी विकणाऱ्याला परत देऊ नका

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: ताई, मी चार वर्षं इंग्लंडमध्ये पीटरबरोला आहे. बाबा नाशिकला असतात, त्यांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. त्यांच्या पंचाहत्तरीला द्यायची म्हणून इथल्या एका मेटल डिटेक्टरने शेतात जुन्या वस्तू शोधणाऱ्याकडून १४ रोमन चांदीची नाणी ४९० पौंडांना घेतली. ऑनलाइन ओळख झाली होती, पैसे कॅश दिले, पावती नाही. आता मित्र म्हणतो ही ट्रेझर आहे, म्हणजे सरकारला कळवावा लागणारा जुना साठा, जेलमध्ये जाशील. गुपचूप त्यालाच परत देऊन विषय संपवू का? आणि डिसेंबरमध्ये भारतात नेली तर काही प्रॉब्लेम येईल का? आई म्हणते चिंचेने घासून घे. आणि बाबांना हे सगळं कसं सांगू?

नमस्कार. आधी घाबरणं थांबवा, आणि नाणी आहेत तिथेच राहू द्या. परत देऊ नका, विकू नका, बॅगेत तर अजिबात भरू नका.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून बघितले. रोमन सम्राट हेड्रियन ओळखू येतो, सम्राज्ञी फाउस्टिना आहे, तीन-चार नाण्यांवर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची ती टोकं फुटलेली दाढी स्पष्ट दिसते. पण माझी नजर अडकली ती अकराव्या फोटोवर, ज्यात दोन नाणी एकमेकांना हिरव्या गंजाने चिकटलेली आहेत आणि मधल्या फटीत अजून काळी माती आहे. अशी नाणी कुणाच्या जुन्या कलेक्शनच्या अल्बममधून येत नाहीत हो, ती शेकडो वर्षं एकाच ठिकाणी एकमेकांवर पडून राहिलेली असतात. त्यात सेलरने स्वतःच मेसेजमध्ये लिहिलंय की लिंकनच्या बाजूच्या एका शेतातून मागच्याच महिन्यात काढली. म्हणजे तुमच्या मित्राची शंका खरी असण्याची शक्यता बरीच आहे.

इथला कायदा म्हणजे ट्रेझर ॲक्ट १९९६. एकाच ठिकाणी सापडलेली दोन किंवा जास्त नाणी, वय किमान ३०० वर्षं, आणि वजनाच्या किमान १० टक्के सोनं किंवा चांदी, एवढं जुळलं की ती ट्रेझर, मग ती मडक्यात सापडोत नाहीतर नांगराने शेतभर पांगलेली असोत. चांदी त्याहून कमी असेल तर मग किमान दहा नाणी लागतात. रोमन नाण्यांत हा १० टक्क्यांचा आकडा का महत्त्वाचा, हे बाबांना सांगा, त्यांना आवडेल. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात दिनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, जवळजवळ शुद्ध चांदीचा होता, नीरोने इसवी सन ६४च्या सुमारास त्यात भेसळ सुरू केली, सेव्हेरसपर्यंत चांदी निम्म्यावर आली आणि २६०-२७०च्या दशकातली नाणी तर तांब्यावर नुसता चांदीचा हात फिरवल्यासारखी. तुमची नाणी सेव्हेरसपर्यंतचीच आहेत, त्यामुळे चांदीची अट ती सहज पार करतात. एकच नाणं सापडलं असतं तर ते सहसा ट्रेझर ठरलं नसतं, पण इथे चौदा आहेत.

ट्रेझर सापडलं की १४ दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं, ही जबाबदारी शोधणाऱ्याची. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे ही चूक तुमची नाही, त्याची आहे. मग तुमचं काय? तुम्ही घेतलीत तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, आणि चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा असो की बेकायदा काढलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यवहाराबद्दलच्या २००३च्या कल्चरल ऑब्जेक्ट्सच्या कायद्यातला गुन्हा (त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे), दोन्हीकडे बघितलं जातं की माणसाला माहीत होतं का, त्याने अप्रामाणिकपणे व्यवहार केला का. इथेच नीट लक्ष द्या. कालपर्यंत तुम्ही न कळता खरेदी केलेले गिऱ्हाईक होतात. मित्राने सांगितल्यापासून तुम्हाला शंका आलेली आहे, ती तुम्ही मला लेखी कळवलीय, आणि यापुढे तुम्ही जे कराल ते शंका येऊनही केलेलं धरलं जाईल.

म्हणूनच परत देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तुम्हाला वाटेल आपण सुटलो, पण तो माणूस ती नाणी उद्या दुसऱ्याला विकणार, आणि ती गायब व्हायला मदत केली असं तुमच्यावर येऊ शकतं. २०१५मध्ये लेमिन्स्टरजवळ वायकिंग काळातला एक साठा सापडला होता, शोधणाऱ्यांनी तो लपवून फुटकळ विकला, २०१९मध्ये त्यांना अनेक वर्षांची जेल झाली. आणि २०२३मध्ये त्याच साठ्यातली मानली जाणारी ४४ नाणी विकायला निघालेल्या दुसऱ्या दोघांनाही पाच वर्षांहून जास्त. तुमची केस त्यांच्यासारखी नाही, त्यांना सगळं माहीत होतं. पण तुम्ही त्या रस्त्याला पाऊलही टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

करायचं काय ते सांगते. तुमच्या काउंटीचा फाइंड्स लायझन ऑफिसर असतो, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा माणूस, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी ही स्कीम ब्रिटिश म्युझियम चालवतं. त्यांना ईमेल करा, साधी सरळ: अमुक तारखेला अमुक रकमेला ही नाणी घेतली, शेतातली असल्याचं विकणाऱ्याने सांगितलं, ट्रेझर असावीत अशी शंका आहे, दाखवायला आणू का. ते नाणी ठेवून घेतील तेव्हा पावती मागून घ्या, पुढे कोरोनरकडे काय जायचं ते तेच बघतात. सेलरशी झालेल्या सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, तो कधीही डिलीट करेल. पोलिसांचा फोन आलाच तर सहकार्य करा, पण सॉलिसिटर, म्हणजे वकील, बरोबर असल्याशिवाय जबाब देऊ नका, पोलीस स्टेशनवर जबाब घेतात तेव्हा तो फुकट मिळतो.

आणि आईने सांगितलं म्हणून चिंच किंवा पितांबरी लावून नाणी घासू नका!! ती मातीच सांगते की नाणी कुठून आली, आणि चिकटलेली जोडी सुटी करायला गेलात तर नाणंच फुटू शकतं.

पैशाचं खरं सांगायचं तर ४९० पौंड परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे, सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९७९च्या कलम १२ प्रमाणे विकणाऱ्याला विकायचा हक्क असायलाच हवा, खाजगी विक्रेता असला तरी. १० हजार पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, जातात, वकीलही लागत नाही. पण कॅश दिलीय, त्याचा पत्ता माहीत नाही, त्यामुळे वसुली अवघड. म्युझियमने नाणी घेतली तर बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं, तुम्ही त्याची आशा धरू नका.

भारतात न्यायचं तर दोन दरवाजे आहेत. पहिला इथला: इंग्लंडच्या जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला, किंमत कितीही कमी असली तरी, आर्ट्स कौन्सिलचं एक्स्पोर्ट लायसन्स लागतं. दुसरा तिकडचा: ॲंटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट १९७२मध्ये १०० वर्षांहून जुनं कुठलंही नाणं ॲंटिक्विटी, म्हणजे पुरातन वस्तू, धरलं जातं, फक्त भारतीयच असं त्यात नाही. म्हणजे कायदेशीर घेतलेलं रोमन नाणंसुद्धा भारतात नेताना कस्टम्सला डिक्लेअर करायचं, आणि एकदा तिकडे गेलं की सहजासहजी परत आणता येत नाही. विनापरवाना भारताबाहेर नेलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. बाबांना कायमचं द्यायचं असेल तरच असं कायदेशीर नाणं न्या.

बाबांना कसं सांगू असंही तुम्ही विचारलंय. नाशिकचे आहेत, जवळचं जोगळटेंभी गाव त्यांना नक्की ठाऊक असणार. १९०६मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. सातकर्णीने नहपानाला हरवलं याचा केवढा मोठा पुरावा आहे तो! तीच नाणी शेतातून काढून एकेक करून बाजारात विकली गेली असती तर प्रत्येक जण एक जुनं नाणं घेऊन बसला असता आणि हे कुणाला कळलं नसतं. लिंकनच्या त्या शेतातही असंच काहीतरी असू शकतं, कदाचित अजून बरीच नाणी जमिनीत असतील. बाबांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

आणि पंचाहत्तरीची भेट द्यायचीच असेल तर नीट मार्गाने घ्या. चांगला डीलर छापील बिल देतो, नाणं आधी कुठल्या लिलावात, कुठल्या कलेक्शनमध्ये होतं ते लिहून देतो. १९७०च्या आधीपासून माग लागत असेल तर उत्तमच, कारण जुन्या वस्तूंचा बेकायदा व्यापार रोखणारा युनेस्कोचा करार त्या वर्षीचा आहे. इंग्लंडमध्ये सापडलेलं असेल तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा रेकॉर्ड नंबर मागा. पण नुसत्या कागदावर जाऊ नका. २०२०मध्ये लंडनच्या लिलावात सीझरला मारणाऱ्या ब्रूटसचं सोन्याचं नाणं ३० लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं, त्याचा मागचा इतिहास खोटा निघाला आणि २०२३मध्ये ते ग्रीसला परत गेलं. म्हणून बिलावरचा जुना लिलाव खरंच झाला होता का, त्या कॅटलॉगमध्ये फोटो आहे का, ते स्वतः बघा. चौदांऐवजी एकच घ्या, पण असं घ्या.

आज रात्रीच ऑफिसरला ईमेल टाका. नाण्यांची पावती हातात आली की तिचा फोटो मला पाठवा, सेलरला पैसे परत मागायचं पत्र आपण त्यानंतर लिहू, त्याआधी त्याला एक शब्दही कळवू नका.