पान फाडायचं की रेघ मारायची?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ३६ वर्षांची, पुण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. ऑफिसात सगळे म्हणतात हिचं काम म्हणजे बघायलाच नको. पण खरं सांगू का, एक साधा मेल पाठवायला मला चाळीस मिनिटं लागतात, पाठवून झाला की परत सेंटमध्ये जाऊन वाचते, आणि रात्री अडीचला जाग आली की आठवतं मी नुसतंच 'रिगार्ड्स' लिहिलं, मग त्यांना काय वाटलं असेल, ते रागावले असतील का, आणि तिथून जी गाडी सुटते ती थेट माझी नोकरी जाऊन फ्लॅटचे हप्ते थकेपर्यंत थांबत नाही. मागे साहेबांनी मीटिंगमध्ये दहा मिनिटं माझं कौतुक केलं, मला त्यातलं फक्त शेवटचं 'फॉरमॅट जरा बघा' आठवतंय. हे सगळं मी चालवून घेत होते, पण गेल्या आठवड्यात तिसरीतल्या लेकीला 'ळ' नीट काढता आला नाही, खोडलं तर पान काळं झालं, म्हणून तिनं ते टरकन फाडलं. मी ओरडले तर म्हणते, तूच तर फाडतेस. आणि फाडते मी, वाण्याची यादीसुद्धा खाडाखोड झाली की नवी लिहिते. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, तुला तू म्हणते, चालेल ना. आधी वहीचंच बोलू. पिना मारलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान पलीकडून सुटतं, माहितीये ना? म्हणजे 'ळ'च्या पायी मागच्या महिन्यात बाईंनी 'छान' दिलेलं पानसुद्धा एक दिवस दप्तरातून गळून पडतं. तुझ्या त्या मीटिंगचं तेच झालंय, 'फॉरमॅट' फाडायला गेलीस आणि दहा मिनिटांचं कौतुक त्याच्याबरोबर सुटून गेलं.

आता दुसरं. आपल्याकडे परफेक्शनिस्ट, म्हणजे सगळं अचूकच हवं असणारा, हा शब्द लोक मिरवतात, इंटरव्ह्यूत तुमचा दोष सांगा म्हटलं की हमखास हेच उत्तर येतं. पण काम चांगलं व्हावं असं वाटणं वेगळं आणि काम चुकलं तर मीच भिकार असं वाटणं वेगळं. पहिल्यात मजा असते. दुसऱ्यात नुसती धाकधूक, आणि काम चांगलं झालं तरी आनंद नाहीच, फक्त 'सुटले बाई' एवढंच.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडायला सुरुवात केली, आपल्याकडे ठाण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी वर्षानुवर्षं ती मराठीत समजावतायत. त्यातला मुद्दा ढोबळपणे असा की आपली इच्छा असते तोवर ठीक, तिचा हट्ट झाला की त्रास सुरू. आणि मला तर वाटतं हे मराठी माणसाला पटकन कळायला हवं, कारण आपल्याकडे त्या हट्टासाठी एक अख्खं अक्षर आहे, च! 'मेल चांगला जायला हवा' आणि 'मेल चांगला जायलाच हवा', दोन्ही मोठ्यानं म्हणून बघ, दुसऱ्याला खांदे वर जातात. एक दिवस स्वतःशी बोलताना किती 'च' येतात ते नुसते मोज, बदलू नको काही.

पण खरी मेख पुढे आहे. तू चाळीस मिनिटं तपासतेस, मेल नीट जातो, काहीच होत नाही. मग श्रेय कुणाला मिळतं? त्या चाळीस मिनिटांना. मनाला वाटतं बघ, तपासलं म्हणून वाचलो. न तपासता काय झालं असतं हे तुला कधी कळतच नाही, म्हणून भीती आहे तशीच राहते आणि तपासणं वाढत जातं, आज दोनदा, उद्या पाचदा. विचार बदल, पॉझिटिव्ह राहा, असं सांगून हे जात नाही (सांगणारे भरपूर भेटले असतील तुला). करून बघावं लागतं.

तर हे कर. बँकेच्या पेमेंटवर आणि जीएसटीच्या आकड्यांवर प्रयोग नको, तिथं दोनदा तपासणं हे कामच आहे, त्याला आजार म्हणू नये. पण स्टेशनरीवाल्याला पाठवायचा मेल घे. पाठवायच्या आधी एका कागदावर लिही, मला काय होईल असं वाटतंय. अगदी 'तो हसेल', 'साहेबांना सांगेल' जे असेल ते. एकदा वाच, पाठव, आणि संध्याकाळपर्यंत सेंट उघडायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस हात शिवशिवेल, जीव वरखाली होईल, होऊ दे, थोड्या वेळानं ते आपोआप उतरतं. संध्याकाळी त्याच कागदावर लिही, खरंच काय झालं. असे दहा मेल झाले की कागद परत वाचायला घे. एखाद्याला कुणीतरी 'मॅडम, फाइल जोडायची राहिली' असं उलट लिहीलसुद्धा, लिहू दे, तू 'सॉरी, ही घ्या' म्हणशील आणि तो विसरून जाईल.

रात्रीच्या अडीचसाठी उशाशी वही ठेव. जो विचार येईल तो एका ओळीत लिहायचा आणि त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची वेळ द्यायची, तेव्हा पंधरा मिनिटं बसून मनसोक्त काळजी करायची. ऐकायला खुळचट वाटतं. पण अडीच वाजता वाघ वाटलेला विचार साडेसहाला चहाबरोबर बघितला की बऱ्याचदा मांजर निघतो.

आणि तपासण्यात रोज तास-तासभर जात असेल, किंवा कुलूप-गॅससुद्धा पुन्हा पुन्हा बघावं लागत असेल, किंवा झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर मात्र माझ्या सदरावर भागवू नको, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखव. कुठं जायचं कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

लेकीला लेक्चर देऊ नको. यादी लिहिताना तिच्यासमोर मुद्दाम चूक कर, 'साखर'वर एक सरळ रेघ मार, पुढं 'गूळ' लिही आणि तोच कागद घेऊन दुकानात जा. (हे उत्तर मी संपादकांना दोन दिवस उशिरा दिलंय, का ते विचारू नका.)

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. युनिट टेस्टला गणितात ५० पैकी ४८ पडले तर मी गमतीनं म्हटलं, दोन कुठं सांडले? आता ती मार्क सांगतच नाही. आमचे वडील कान पिळायचे, आम्ही बिघडलो का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : दादा, गंमत होती हे तुम्हाला माहीत, तिला नाही. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितले, स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे लोकांना मी अचूकच हवीय असं वाटत राहणं. तिसरा सगळ्यात वाईट, कारण तिथं कितीही केलं तरी पुरत नाही. पुढं १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेजच्या मुलांनी याविषयीच्या प्रश्नावलीला दिलेली उत्तरं एकत्र करून बघितली तर हाच तिसरा प्रकार सगळ्यात जास्त, ३३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आपली मुलं त्यात नव्हती, पण दहावीच्या निकालाच्या दिवशी कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभं राहा, कळेल.

तुम्ही बिघडला नाहीत, मान्य. पण कान पिळणाऱ्या वडिलांना तुम्ही कमी मार्क पडलेले कधी आपणहून सांगितले होते का, की सही आईकडून घेतली होती?

आज जेवताना मार्क सोडून काहीतरी विचारा. ती आधी संशयानं बघेल, चारेक दिवस तरी.