हर्णैजवळचं जुनं, नीट राखलेलं घर विकत घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, कोकणात दापोलीकडच्या हर्णैजवळ चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) शंभरेक वर्षांचं घर विकायला आहे, नुकता रंग दिलाय, मालक म्हणतात एकदम मेंटेन केलंय. माझं मत विचाराल तर जमत असेल तर जरूर घ्या, असं घर आता कोणी बांधत नाही, पण रंग बघून ठरवू नका आणि मे महिन्यात बघून तर अजिबात नको. जुलैत भर पावसात जा आणि आधी माळ्यावर चढा.

वर गेल्यावर वाशांवर पाण्याचे काळे ओघळ दिसतात का बघा आणि मुख्य म्हणजे तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघा, लाकूड मधे कितीही ठणठणीत दिसलं तरी कुजायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर लाकूड आतून कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. खाली पिठासारखा बारीक भुसा असेल तर भुंगा लागलाय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगड भागात कितीतरी घरांची कौलं उडाली, तेव्हा या छपराचं काय झालं आणि नवे वासे आणि रीपा (कौलांखालच्या पट्ट्या) कुठल्या लाकडाच्या घातल्या हे सरळ विचारा.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर असेल तर मला जरा काळजी वाटते, कारण चिरा पाणी पितो आणि ते बाहेर पडायला वाट लागते, सिमेंटने ओल आत कोंडते आणि मग रंगाचे पोपडे सुटतात.

आणि राखलेलं घर म्हणजे शेवटी काय, तर दर उन्हाळ्यात कोणीतरी कौलं परततं, फुटकी बदलतं, पावसाच्या बाजूला भिंतीला झावळ्या बांधतं, केरकचरा काढतं, दारं-खिडक्या उघडून वारा खेळवतं. तो माणूस कोण आहे शोधा, त्याच्याशी निवांत बोला, पुढेही तो करणार का विचारा. कोकणात बंद घर फार पावसाळे काढत नाही हो.

कागदांचं थोडक्यात. सातबाऱ्यावरची सगळी नावं, मयत झालेल्यांचे वारस, लग्न झालेल्या मुलीसुद्धा (2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांचा मुलांइतकाच वाटा आहे), सगळ्यांच्या सह्या हव्यात. मुंबईचे काका तयार आहेत एवढ्यावर इसार देऊ नका, एकाच हिस्सेदाराकडून घेतलंत तर एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्याला ताबा मागता येत नाही. जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, वकिलाकडून बघून घ्या, वाढीव बांधकामाची स्वप्नं त्यानंतर.

विहीर बऱ्याचदा सामायिक असते आणि घरापर्यंतची पाखाडी (दगडी पायवाट) दुसऱ्याच्या आगरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, येते, तेव्हा पाण्याचा आणि वाटेचा हक्क खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या.