गाडीच्या टेम्परेचरचा काटा लालकडे गेला की आधी हे बघा

एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, सरळ तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

आता गाडी नेमकी कधी तापते ते बघा. ट्रॅफिकमध्येच तापत असेल तर रेडिएटरच्या फॅनचा फ्यूज, रिले (फॅन चालू करणारा स्विच), मोटर तपासा. हायवेलाही तापते? मग कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी किंवा रेडिएटर चोक. रेडिएटरचा वरचा होज (पाइप) कढत आणि खालचा गार असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, अडकलाय. तो काढूनच टाकायचा सल्ला गॅरेजवाले हमखास देतात. ऐकू नका, नवीन बसवा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार साचतात.

डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधी ऑइल दिसलं तर मात्र स्टार्टर मारूच नका, टो करा: हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याचा संशय.